डावऱ्याची शिवण

आमचे हे शिडं शिवायचे. बंदराच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत आम्ही राहायचो आणि पुढच्या लांबट खोलीत शिडं राहायची. राहायचीच म्हणते मी, कारण एक गेलं की दुसरं जमिनीवर पाय पसरून हजर. घरात यायचं तर चपला हातात घेऊन, भिंतीला चिकटून यावं लागे. "घर माझं की या कापडाचं?" असं मी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. हे हसले. उत्तर दिलं नाही.

उत्तर देणं यांच्या जिवावर यायचं. बोलण्यात इतका कंजूष माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, शीड कधी मिळेल, तर हे कॅलेंडरातला दिवस सुईच्या टोकाने दाखवायचे. मी दिवसभर बडबडायची, त्यावर यांचं एक "हं". पुढे पुढे मला त्या "हं"चे प्रकार कळायला लागले. एक "हं" म्हणजे बरं, एक म्हणजे बघू, आणि एक म्हणजे आता बाई पुरे कर. घरातून निघताना एकच शब्द, "येतो". धक्क्यावर चालले तरी "येतो", न्हाव्याकडे चालले तरी "येतो". कुठे, कधी, कशाला, ते आपण ओळखायचं.

काम मात्र बघत राहावं असं. जाड कापडाचे लांब पट्टे मांडीवर ओढून घ्यायचे, दोऱ्याला मेण लावायचं आणि तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून सुई रेटायची. हे डावखुरे. बाजारात मिळतो तो पट्टा उजव्या हाताचा, म्हणून यांनी आपला पट्टा स्वतःच करून घेतला होता. बंदरावर सगळे यांना डावऱ्या म्हणायचे. इतरांचे टाके एका बाजूला झुकलेले असतात, यांचे दुसऱ्या बाजूला. कुठल्याही गलबतावर चढलं की मलासुद्धा सांगता यायचं, हे आमच्या घरचं काम म्हणून.

यांना थोरला भाऊ आहे, हे मला लग्न होऊन चांगलं वर्ष उलटल्यावर कळलं. तेही यांच्याकडून नाही. एक खलाशी शीड न्यायला आला आणि सहज म्हणाला, "थोरल्याची काही खबर?" तो गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. सख्खा दीर असताना लग्नात नाही, पत्रात नाही, बोलण्यात नाही, हा काय प्रकार? आमच्याकडे असलं चालत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. हे उठले, "येतो" म्हणाले आणि गेले.

मग काय, मीच एकेकाला विचारून जमवत बसले. दूर समुद्रात एक बेट आहे, शिडाच्या गलबताने पोचायला रात्र लागते. तिथे हे दोघे भाऊ एकाच खोलीत शिडं शिवायचे, वडिलांनी शिकवलेलं काम. एकदा नुकतंच शिवून दिलेलं शीड ऐन बंदराच्या तोंडाशी उसवलं. होडी खडकावर गेली. होडीवाला वाचला, पण त्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला. शिवण थोरल्याची होती, असं बेटावर सगळ्यांना ठाऊक. त्यानंतर लोकांनी थोरल्याकडे शिडं द्यायचं बंद केलं. बिचारा पोत्यांची तोंडं शिवायचा, दुकानांच्या कनाती दुरुस्त करायचा. हे मात्र इकडे निघून आले ते आलेच.

मला वाटलं, भावामुळे तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणून हे गप्प असतात. मग मी अधूनमधून यांची समजूत काढायची. म्हणायची, "भावोजींनी हलगर्जीपणा केला, चुकलंच त्यांचं. एका माणसाचा पाय गेला, ही काय लहान गोष्ट आहे? पण भाऊ तो भाऊ. जाऊन या एकदा." यावर यांचं "हं"सुद्धा नसायचं. सुई तेवढी थांबायची.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एक दिवस दुपारी बंदर कचेरीतला शिपाई धापा टाकत आमच्या दारात आला. म्हणाला, "बेटावरून वायरलेस आलाय. थोरल्याचं काही खरं नाही म्हणतात."

यांनी हातातली सुई कापडात तशीच टोचून ठेवली. मी यांच्या मागोमाग कचेरीत गेले. कारकुनाने यांच्या हातात ते बोलायचं यंत्र दिलं. पलीकडून बेटावरचा कारकून बोलत होता, आवाज खरखरीत पण स्वच्छ. "थोरले फार आजारी आहेत. सारखं तुमचं नाव काढतायत. त्यांना काय सांगू?"

कारकुनाने खूण केली, बोला म्हणून. तेव्हा हे म्हणाले, "येतो." यंत्र कारकुनाच्या हातात दिलं आणि बाहेर पडले. कारकून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "असेच आहेत. चालायचंच."

मोठी प्रवासी बोट दुरुस्तीला काढलेली होती. संध्याकाळी एक मालाचं गलबत बेटाकडे निघणार होतं, पीठ, सिमेंट आणि रॉकेलचे डबे घेऊन. गलबताचा तांडेल ओळखीचा होता. मला बघून म्हणाला, "वहिनी, यावर झोपायची सोय नाही हां." मी म्हटलं, "मी झोपायला येत नाहीये. मला माझ्या दिराला बघायचंय." मी शाल घेतली होती, एका डब्यात जेवण भरलं होतं. यांनी काही घेतलं नाही. घराला कुलूप लावलं तेही मीच.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. वारा बाजूने होता. तांडेल खूश, म्हणाला, असा वारा असला की जाणाऱ्याचंही भलं आणि येणाऱ्याचंही. थोड्याच वेळात किनारा दिसेनासा झाला आणि माझ्या पोटात ढवळायला लागलं. नवरा शिडं शिवणारा आणि बायकोला गलबत लागतं, खलाशांना हसायला तेवढंच पुरलं. "हसा, हसा," मी म्हटलं, "जेवणाचा डबा माझ्याकडे आहे, विसरू नका." मग एकाने मुकाट्याने मला लिंबू आणून दिलं.

रात्री चंद्र वर आला. तांडेल सुकाणूवर, दोन खलाशी पुढे दोरांपाशी, आणि आम्ही दोघं पिठाच्या पोत्यांना टेकून बसलेलो. यांची नजर शिडावर. मला वाटलं, कामाची सवय, टाके मोजत असतील. मी नेहमीसारखं सुरू केलं. "जुनं काही काढू नका आता. त्यांनी चूक केली ती केली. आजारी माणसाला मोठ्या मनाने म्हणा, जाऊ दे दादा."

"ती शिवण माझी होती," हे म्हणाले.

मला कळलंच नाही. "कुठली शिवण?"

"उसवली ती. दादाची नव्हती."

आणि मग हा माणूस बोलायला लागला. एकेक वाक्य तोडून. होडीवाला शीड न्यायला दारात उभा होता. घाई करत होता. थोरला दुसऱ्या कामावर बाहेर गेलेला. शेवटचा हातभर तुकडा राहिला होता. यांनी तिथे लांब लांब टाके घातले आणि शीड देऊन टाकलं. दुसऱ्याच दिवशी ते घडलं. धक्क्यावर सगळं गाव गोळा झालं, होडीवाला रक्तात पडलेला, त्याची आई छाती पिटत होती. कुणीतरी ओरडलं, "कोणी शिवलंय हे?"

"माझ्या तोंडून निघून गेलं. दादाने," हे म्हणाले. "फाटकं शीड दादाच्याच हातात होतं. त्याने शिवण बघितली. टाके उलट बाजूला झुकलेले. ते काय त्याला कळणार नाहीत? मग माझ्याकडे बघितलं. आणि शिडाची घडी घातली, शिवण आत राहील अशी."

"काही बोलले नाहीत?"

"नाही. मला वाटलं घरी गेल्यावर मारेल. त्याने मला जेवायला वाढलं."

मी तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं मी त्या न पाहिलेल्या माणसाला नावं ठेवत होते, हलगर्जी म्हणत होते, आणि तेही यांच्यासमोर! "आणि तुम्ही ऐकून घेत होतात? माझ्या तोंडाला एकदा तरी कुलूप घालावं असं नाही वाटलं?" मी इतक्या जोरात बोलले की तांडेलाने मागे वळून बघितलं. राग आवरेना, रडू आवरेना. एका पोत्यावर दोनचार गुद्दे घातले, पिठाने हात पांढरे झाले. नाही तर ते गुद्दे कुणाला बसायचे होते ते सांगायला नको.

हे म्हणाले, "थोड्या दिवसांनी मी निघालो. दारात म्हटलं, येतो. तो म्हणाला, ये. तेवढंच. मग परत जायला तोंडच नव्हतं." पुढे म्हणाले, "त्याला माहीत आहे. पण मी सांगितलेलं नाही. एकदा माझ्या तोंडून ऐकू दे त्याला. सगळ्यांसमोर ओरडून त्याचं नाव घेतलं होतं, आता सगळ्यांसमोर माझं घेतो. तेवढा वेळ तो थांबला पाहिजे."

"थांबतील," मी म्हटलं. मला काय कळत होतं? पण मी म्हटलं.

बऱ्याच वेळाने पुढचा खलाशी ओरडला, समोरून दिवा येतोय. एक गलबत बेटाकडून आमच्या किनाऱ्याकडे चाललं होतं. भर शिडात, वेगाने. अगदी जवळून गेलं. आमच्या तांडेलाने हाक दिली, "कोण रे?" तिकडून कुणीतरी तोंडाला हात लावून काही ओरडलं. अर्धं वाऱ्याने खाल्लं.

"काय म्हणाले?" तांडेलाने विचारलं.

"बाजारी की काय, असं काहीतरी," खलाशी म्हणाला. "बाजाराला निघाले असतील. उद्या बाजार भरतो ना."

तांडेल म्हणाला, बाजाराला जाणाऱ्यांना एवढी कसली घाई. आणि विषय संपला.

हे मात्र उठून उभे राहिले होते. ते गलबत गेलं तिकडे बघत होते. चंद्राच्या उजेडात त्याचं शीड पांढरं दिसत होतं. मला म्हणाले, "खालची कड बघितलीस? किंचित गोल ठेवलीय. ती दादाची रीत. बाबांची नाही, माझी नाही, फक्त त्याची." यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. "म्हणजे अजून कुणीतरी त्याच्याकडून शीड शिवून घेतंय." ते शीड दिसेनासं होईपर्यंत हे उभे होते. मग बसले आणि माझ्या हातचे चार घास जेवले. मला वाटलं, चला, देवाने तोंड उघडायची बुद्धी दिली, आता सगळं नीट होईल.

पहाटे बेट दिसलं. लहानसं बंदर, दोन बाजूंना काळे खडक आणि मधून जेमतेम वाट. गलबत धक्क्याला लागायच्या आत यांनी उडी मारली. मी शाल सावरत मागून. एक चढाची गल्ली, तिच्या तोंडाशी बेकरी, आणि बेकरीला लागून थोरल्याची खोली. दार नुसतं लोटलेलं.

खोलीत कुणी नव्हतं. एक खाट, तिच्यावर चुरगळलेलं पांघरूण, खाली पाण्याचा तांब्या आणि औषधाची बाटली. भिंतीशी कापडाचे पट्टे गुंडाळून उभे केलेले. हे खाटेजवळ उभे राहून पांघरुणाला हात लावून बघत होते.

बेकरीवाल्याची बायको हात पिठाचे घेऊनच धावत आली. यांना बघून दारातच थबकली. "डावऱ्या? अरे, तू इथे कसा?"

"दादा कुठे?"

"अरे देवा! तो तुझ्याकडेच गेला ना काल!"

मग तिने सांगितलं. काल दुपारी बेटावरचा कारकून खोलीवर येऊन थोरल्याला म्हणाला, तुमच्या भावाला कळवलं. थोरल्याने विचारलं, काय म्हणाला? कारकून म्हणाला, "येतो म्हणाले." कधी येतो? ते काही बोलले नाहीत. आज की उद्या? काही नाही हो, "येतो" म्हणाले आणि यंत्र ठेवून दिलं.

बेकरीवाली डोळे पुसत म्हणाली, "थोरला हसला. म्हणाला, त्याचं येतो मला माहीत आहे. त्याने निरोप घेतलाय. मागेही असंच म्हणून गेला होता. आता मला तेवढी वाट बघायला वेळ नाही, मीच जातो. मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये, येतो म्हणावं. तर म्हणाला, नाही गं, आता जातोच म्हणायचं. कुणाचं ऐकेना. चौघांनी कापडाच्या झोळीत घालून संध्याकाळच्या गलबतावर ठेवला. आजारी माणूस आहे, लवकर न्या, म्हणून आम्ही दहादा बजावलं."

आजारी. बाजारी नव्हे, आजारी. तो माणूस आमच्या शेजारून गेला होता. आपल्याच शिडाखाली झोपून, आणि आम्ही उभे राहून त्या शिडाचं कौतुक करत होतो.

"आज रात्रीच्या गलबताने येतो, एवढं बोलायला काय तोंड दुखत होतं का हो तुमचं?" मी ओरडले. ओरडायची वेळ नव्हती, कळत होतं, पण राहवलं नाही. यांनी माझ्याकडे बघितलं. मी यांचा हात धरला आणि म्हटलं, "चला. मागे फिरू."

धक्क्यावर आलो तर वारा साफ पडलेला. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नाही. तांडेल हात जोडून म्हणाला, "वहिनी, माल उतरवायचं सोडून देतो, पण वारा कुठून आणू? फुंकर मारू का शिडात?" मी त्यालाही नाही नाही ते बोलले. तो बिचारा ऐकत उभा राहिला.

तेवढ्यात बेटावरचा कारकून कचेरीच्या पायऱ्यांवरून हाका मारायला लागला. आमच्या बंदरातून बोलावणं होतं. थोरला पोचला होता. जिवंत होता. आमच्या दाराला कुलूप बघून लोकांनी त्याला बंदर कचेरीतच आणून बाकावर निजवलं होतं. डॉक्टर जवळ होता, पण हलवू नका म्हणत होता. शुद्ध होती, ऐकू येत होतं. त्याच्या उशाशीच ते यंत्र होतं.

हे पायऱ्या कशा चढले मला आठवत नाही. कारकुनाने यंत्र यांच्या हातात दिलं. म्हणाला, "हे बटण दाबून बोलायचं. सोडलं की तिकडचं ऐकू येतं. दाबलेलं असेपर्यंत तिकडचा आवाज येत नाही. आणि सगळ्या कचेऱ्या, समुद्रातल्या मासेमारीच्या बोटी, सगळे ऐकत असतात, तेव्हा जरा जपून." यांनी मान हलवली आणि डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. अंगठ्याचं नख पांढरं पडलं इतकं.

"दादा, मी बोलतोय. मी तुझ्याकडे आलोय. तुझ्या खोलीत जाऊन आलो. मी येतो म्हणालो होतो ते खरंच येतो म्हणालो होतो, दादा. ही पण आलीय. हिला तुला बघायचं होतं. फार बोलते, पण चांगली आहे." इथे मी रडायला लागले. "रात्री तू माझ्या शेजारून गेलास. मला माहीत नव्हतं. पण शीड ओळखलं मी. खालची कड गोल. मी हिला म्हटलं, हे दादाचं काम. मला इतकं बरं वाटलं, दादा. तुझ्या खोलीत कापड बघितलं, चांगलं आहे. खिडकी तीच आहे अजून..."

बोलत राहिले. लहानपणचं काय काय, वडील कसे कान पिरगाळायचे, उजव्या हाताचा पट्टा यांना बसेना तेव्हा थोरल्याने जुन्या चपलेचं चामडं कापून यांच्यासाठी पहिला पट्टा कसा करून दिला. मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. कारकून खुणा करत होता, बटण सोडा, तिकडचं ऐका. मी यांची बाही ओढली. यांनी हात झटकला.

"दादा, ती शिवण माझी होती. तू नव्हती घातलीस. शेवटचे टाके मी लांब घातले. माझ्यामुळे त्याचा पाय गेला आणि मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. तू शिवण बघितलीस आणि मला जेवायला वाढलंस. मी ते जेवण अजून गिळू शकलो नाही. सगळ्यांनी ऐका, शिवण माझी होती. डावऱ्याची. दादा, चुकलो मी. ऐकतोयस ना?"

आणि बटण सोडलं.

नुसती खरखर. मग आमच्या बंदरातल्या कारकुनाचा आवाज. "ऐकू येतंय का? मी केव्हापासून सांगतोय... थोरले गेले हो."

यांनी बटण दाबून विचारलं, "कधी?"

"आत्ता. तुम्ही बोलत होतात तेव्हाच. मधे एकदा हसले. म्हणाले, हा एवढा बोलायला कधी शिकला?"

"कुठपर्यंत ऐकलं त्याने?"

"ते... ते नाही सांगता यायचं मला."

नंतर यंत्रातून आणखी एक आवाज आला. कुठल्या तरी मासेमारीच्या बोटीवरचा, अनोळखी. "डावऱ्या, आम्ही ऐकलं रे," तो म्हणाला. मग दुसरा कुणीतरी, "आम्ही पण." असे दोनचार आवाज आले. हे यंत्र हातात धरून उभे होते. कारकुनाने ते हळूच काढून घेतलं.

वारा संध्याकाळी आला तेव्हा आम्ही निघालो. परतीची रात्र मला आठवायची नाही. मी माझे दीर पहिल्यांदा पाहिले ते बंदर कचेरीच्या बाकावर, चादरीखाली. हुबेहूब यांच्यासारखं तोंड. उजव्या तळहाताला चामड्याने पडलेला घट्टा. मी त्या हाताला हात लावून मनातल्या मनात माफी मागितली, कारण यांच्यासमोर मागायची हिंमत नव्हती.

हे डॉक्टरशी बोलत होते तेव्हा मी कारकुनाला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, मला खरं सांगा, यंत्रावर तुम्ही अडखळलात. तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, शिडाची कड गोल, इथपर्यंत ते होते. तिथे हसले, ते वाक्य बोलले आणि गेले. पुढचं आम्हीच ऐकलं. मी सांगायला बघत होतो, पण यांचं बटण दाबलेलं." मी त्याला बजावलं, हे यांच्या कानावर जाता कामा नये. गेलं तर माझ्याशी गाठ आहे.

सगळं आटोपल्यावर हे पुन्हा शिवायला बसले. पण काम कमी झालं. काही तांडेलांनी आपली शिडं परत नेली. यांनी कुणाला अडवलं नाही, स्वतः घडी घालून हातात दिली. एकदा जाऊन त्या होडीवाल्यालाही भेटून आले. तो काय बोलला ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एका संध्याकाळी मी दिवा लावायला पुढच्या खोलीत गेले. हे शिडाच्या ढिगावर नुसते बसून होते. म्हणाले, "कारकुनाशी त्या दिवशी काय बोलत होतीस?"

मी तयारच होते. "विचारत होते त्याला, भावोजींनी कुठपर्यंत ऐकलं म्हणून. त्या दिवशी तो गोंधळला होता, नीट आठवलं नाही त्याला. सगळं ऐकलं म्हणे त्यांनी. शिवणीचंसुद्धा. म्हणाले, वेडा कुठला, मला माहीत होतं की. आणि मग शांतपणे गेले."

मी दिव्याची वात वर-खाली करत राहिले. हे माझ्याकडे बघत होते, ते मला न बघताही कळत होतं.

"तुला खोटं बोलता येत नाही," हे म्हणाले.

यांनी हात धरून मला जवळ शिडावर बसवून घेतलं.

म्हणाले, "पुन्हा एकदा सांग."

मी पुन्हा सांगितलं.